पोटात पाय, पण नाव काय?

मृगाचा पाऊस दोन-चार दिवस बरसून गेला आणि जमिनीने ओल धरली की सकाळी उठून परसात पाहावे. न्हाणीच्या भिंतीवर, केळीच्या बुंध्याशी, जनावरांच्या हौदाच्या कडेला चकचकीत रेघा ओढलेल्या दिसतात. रेघेच्या टोकाशी पाठीवर बिऱ्हाड घेऊन गोगलगाय बसलेली असते. पोरे काडीने डिवचतात, ती शिंगे आत घेते. आपण म्हणतो, "गोगलगाय अन् पोटात पाय!" वरून गरीब दिसणाऱ्या आणि आतून वेगळ्याच असणाऱ्या माणसाला आपण ही म्हण लावतो.

पण वाचकहो, ही म्हण नुसती टोमणा नाही. ती शास्त्रही आहे. प्राणिशास्त्रज्ञांनी गोगलगायी आणि शंखांच्या वर्गाला जे ग्रीक नाव दिले, त्याचा अर्थच मुळी 'ज्यांचे पोट हाच पाय' असा आहे. मराठीत त्या वर्गाला 'उदरपाद' म्हणतात. म्हणजे आपल्या आजीने जे एका ओळीत सांगितले, तेच पंडितांनी ग्रंथात लिहिले.

आता एक प्रश्न विचारतो. तुमच्या परसातली ती गोगलगाय कोणती? तुम्ही म्हणाल, कोणती म्हणजे काय, गोगलगाय ती गोगलगाय! गाय दिसली की आपण खिल्लार की देवणी ते लांबून ओळखतो. पण गोगलगायीचे नाव कोण विचारतो?

नाव विचारणारी माणसे आहेत. त्यांनी उभे आयुष्य या कामाला दिले आहे. आणि नाव न विचारता घाई केली तर काय अनर्थ होतो, तेही एका दूरच्या मुलखाने पाहिले आहे. ती हकीकत शेतकऱ्याने ऐकण्यासारखी आहे, कारण तिचा एक धागा आपल्या सोयाबीनच्या शेतापर्यंत येऊन पोचतो.

आगीतून उठलेली बेटे

पॅसिफिक महासागराच्या मधोमध हवाई बेटे आहेत. अमेरिकेचा किनारा तेथून सुमारे ३,८०० किलोमीटर दूर. चारी बाजूंना पाणीच पाणी. ही सगळी बेटे एकत्र केली तरी आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा जेमतेम मोठी भरतील.

ही बेटे समुद्रतळातून उसळलेल्या लाव्हारसाने बनली. कशी, ते घरच्या घरी समजून घेता येईल. एका जागी दिवा ठेवा आणि त्याच्या वरून एक कागद हळूहळू सरकवत न्या. कागदावर एकापुढे एक काळे डाग पडत जातील. दिवा जागचा हलला नाही, कागद हलला. तसेच पृथ्वीच्या पोटात एका ठिकाणी धग आहे आणि वरचे कवच वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने वायव्येकडे सरकते आहे. धगीवर आलेल्या जागी ज्वालामुखी फुटतो आणि बेट तयार होते. मग ते पुढे सरकते आणि मागे दुसरे बेट उठते. म्हणून रांगेतले कौआई बेट सुमारे पन्नास लाख वर्षांचे म्हातारे आहे, तर आग्नेय टोकाचे सर्वांत मोठे बेट दहा लाख वर्षांचेही नाही. त्या बेटावरचा किलाउएआ ज्वालामुखी अजूनही अधूनमधून लाव्हा ओकतो.

लाव्हारसाचे आपल्याला नवल वाटायला नको. आपला सह्याद्री, आपला काळा पाषाण आणि कापूस पिकवणारी काळी माती ही सारी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचीच देणगी आहे. फरक एवढाच, की आपला मुलूख मोठ्या भूमीला जोडलेला आहे आणि हवाई बेटे समुद्रात एकटी पडलेली आहेत. त्या एकटेपणातच गोगलगायींची सगळी गोष्ट दडली आहे.

गोगलगाय समुद्र ओलांडते कशी?

थंड झालेला लाव्हा म्हणजे उघडा कातळ. त्यावर ना गवत, ना किडा. मग तेथे गोगलगाय आली कोठून? ती ना उडते, ना पोहते. मीठ टाकले तर विरघळल्यासारखी होते. खाऱ्या समुद्रातून ती हजारो किलोमीटर आलीच कशी?

हाच प्रश्न चार्ल्स डार्विनला पडला होता. तो पोकळ तर्क करीत बसला नाही, त्याने करून पाहिले. गोगलगायी विश्रांतीच्या काळात शंखाचे तोंड पापुद्र्याने बंद करून घेतात. अशी एक बंद झालेली गोगलगाय डार्विनने वीस दिवस समुद्राच्या पाण्यात ठेवली. बाहेर काढल्यावर ती पुन्हा चालू लागली! आणखी एकाने शंभर शंख भोके पाडलेल्या पेटीत घालून चौदा दिवस समुद्रात बुडवून ठेवले, त्यांतले सत्तावीस जगले. डार्विनने बदकाचे पाय पाण्यात लोंबत सोडून पाहिले, तर पाणगोगलगायींची बारीक पिल्ले त्या पायांना इतकी घट्ट चिकटली की झटकूनही पडेनात.

म्हणजे वाहून जाणारा ओंडका, वादळी वारा किंवा पाखराचा चिखललेला पाय यांपैकी काहीही गोगलगायीचे वाहन होऊ शकते. असा योग वारंवार येत नाही. पण काळ लाखो वर्षांचा असला की लाखात एकदा घडणारी गोष्टही घडून जाते. शिवाय बहुतेक भूचर गोगलगायी एकाच देहात नर आणि मादी अशा दोन्ही असतात. त्यामुळे थोड्याशा पाहुण्यांवरही नवी वसाहत उभी राहते.

प्रत्येक दरीचे वेगळे गोत

एकदा बेटावर पोचल्यावर गोगलगाय कोठे जाणार? ओहोळ, कडा, कोरडा कातळ हे सगळे तिला सीमेसारखे. एका दरीतली गोगलगाय दुसऱ्या दरीत सहसा जात नाही. मग पिढ्यानुपिढ्या त्या त्या दरीत सोयरीक घरातल्या घरात होत राहिली. हळूहळू एका दरीतल्या शंखाचा रंग निराळा झाला, दुसरीतल्या शंखाचा घाट निराळा झाला. लाखो वर्षांनी त्या एकमेकींना परक्या झाल्या.

हे प्रथम बारकाईने पाहिले ते जॉन गुलिक याने. तो मिशनऱ्याचा मुलगा, १८३२ साली हवाईतच जन्मलेला. तरुणपणी ओआहू बेटाच्या दऱ्याखोऱ्यांतून त्याने हजारो झाडगोगलगायींचे शंख गोळा केले. कोणता शंख कोणत्या दरीतला, हे त्याने नीट लिहून ठेवले. ते लिहिले नसते तर ते शंख नुसती शोभेची खेळणी ठरली असती. त्याला दिसले, की शेजारच्या दोन दऱ्यांत पाऊस तोच, झाडे तीच, तरी गोगलगायी निराळ्या. आणि दऱ्या जितक्या दूरच्या, तितका फरक जास्त. निराळेपणाला निराळे हवापाणीच लागते असे नाही, नुसता दुरावाही पुरतो, हे त्याने १८७२ पासून लेखांतून मांडले. आज शास्त्रात या विचाराला मोठा मान आहे.

पुणे जिल्ह्याएवढ्या त्या बेटांवर भूचर गोगलगायींच्या साडेसातशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतल्या जवळजवळ सगळ्या जगात दुसरीकडे कोठेही नाहीत. 'अचॅटिनेला' या एकाच गोताच्या एक्केचाळीस जाती आणि त्या सगळ्या एकट्या ओआहू बेटावर. हे बेट म्हणजे आपल्याकडचा एखादा मोठा तालुका म्हणा ना! पिवळ्या, हिरवट, तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांच्या या गोगलगायी झाडावर राहतात. त्या पानाला भोक पाडीत नाहीत. पानावर साचलेला बुरशी-शेवाळाचा पातळ थर तेवढा खरवडून खातात. म्हणजे झाडाची जणू झाडलोटच करतात.

जात म्हणजे काय, ती ओळखायची कशी?

येथे 'जात' शब्दाचा अर्थ नीट समजून घेऊ. माणसांनी आपापसांत पाडलेल्या जाती आपल्याला ठाऊक आहेत. शास्त्राला त्या ठाऊक नाहीत. शास्त्राच्या लेखी जगातली सगळी माणसे मिळून एकच जात.

गोठ्याचे उदाहरण घ्या. खिल्लार, देवणी, लाल कंधारी दिसायला किती निराळ्या! पण त्यांचा संकर होतो आणि वासराला पुढे वासरे होतात. म्हणून त्या एकाच जातीच्या. गाय आणि म्हैस मात्र वर्षानुवर्षे एका दावणीला बांधा, त्यांचा वंश एक होत नाही. त्या दोन जाती. ज्यांचा वंश आपसात वाढतो आणि इतरांशी मिसळत नाही, त्यांची एक जात, हे ढोबळ सूत्र.

पण गोगलगायींची सोयरीक पाहत जंगलात किती दिवस बसणार? म्हणून शास्त्रज्ञ खुणा पाहतात. पहिली खूण शंख. त्याची उंची, रुंदी, वेढे किती, तोंडाची कड जाड की पातळ, आत दातासारखा उंचवटा आहे की नाही, हे सगळे मोजायचे. शंखाचा वेढा उजवा की डावा तेही पाहायचे. उजव्या-डाव्या शंखाचे कौतुक आपल्या देवघरातही असतेच.

नुसत्या शंखावर मात्र भिस्त ठेवून चालत नाही. एकाच आईची दोन पिल्ले रंगाने निराळी निघू शकतात. जुन्या काळी हौशी संग्राहकांनी प्रत्येक नव्या पट्ट्याला नवे नाव देऊन नावांचा बाजार मांडला होता. पुढे अभ्यासकांनी तो निस्तरला आणि कित्येक नावे रद्द केली. उलट, बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन गोगलगायी आतून निराळ्याही असतात. म्हणून दुसरी खूण शरीराच्या आतली. गोगलगायीची जीभ आपल्या किसणीसारखी असते. तिच्यावर बारीक दातांच्या ओळी असतात आणि त्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. जननेंद्रियांची ठेवण पाहतात, कारण दोन गोगलगायींचे जमते की नाही ते बरेचसे त्यावर ठरते. तिसरी खूण अलीकडच्या काळातली, डीएनएची. शरीराच्या इवल्याशा तुकड्यातून वंशाचा जणू सातबारा वाचता येतो. कोण कोणाचा भाऊबंद आणि वाटणी केव्हा झाली, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

तिन्ही खुणा जुळल्या, म्हणजे साक्षीदार एकमताचे झाले. मगच नव्या जातीचा निवाडा होतो.

नाव ठेवण्याचा विधी

बाळाचे बारसे आपण पाळणा बांधून करतो. नव्या जातीच्या बारशालाही कडक नियम आहेत. नाव दोन शब्दांचे. शाळेच्या हजेरीपटावर जसे आडनाव आधी आणि नाव मागून लिहितात, तसाच पहिला शब्द गोताचा, दुसरा त्या जातीचा. प्राण्यांच्या नावांची ही रीत १७५८ सालापासून धरली जाते. त्यानंतर ज्याने प्रथम रीतसर नाव छापले त्याचे नाव खरे, मागाहून कोणी कितीही सुंदर नाव ठेवले तरी ते चालत नाही.

नावाबरोबर वर्णन छापावे लागते आणि एक नमुना कायमचा जपून ठेवावा लागतो. त्याला मूळ नमुना म्हणावे. शेताच्या हद्दीवरून तंटा झाला की आपण गट नंबरचा दगड शोधतो ना? तसेच पन्नास वर्षांनी कोणी म्हणाले, "ही तीच जात कशावरून?" तर संग्रहालयातला मूळ नमुना काढून ताडून पाहतात. होनोलुलू शहरात १८८९ साली स्थापन झालेले बिशप संग्रहालय आहे. तेथे अशा लाखो शंखांचा ठेवा आहे. प्रत्येकाजवळ चिठ्ठी असते, कोठे सापडला, केव्हा सापडला, कोणाला सापडला.

या चिठ्ठ्यांचे मोल किती, ते पाहा. त्या संग्रहालयाच्या संशोधकांनी अलीकडच्या वर्षांत हवाईचे डोंगर पुन्हा पालथे घातले. पाठीवर ओझे, पायाखाली निसरडा चढ आणि डोळे पानाच्या पाठीवर, असे ते काम. ओआहूच्या वायानाए डोंगरात त्यांना एक चिमुकली झाडगोगलगाय भेटली. ती कोणत्याच ज्ञात जातीशी जुळेना. मग त्यांनी संग्रहालयातले जुने खण उघडले. तर तिचे शंख तेथे कितीतरी आधीपासून पडून होते! आधीच्या पिढ्यांनी ते निष्ठेने गोळा करून चिठ्ठ्या लावून ठेवले होते. नाव द्यायचे तेवढे राहून गेले होते. २०२० साली ते बारसे झाले. नाव ठेवले 'ऑरिक्युलेला गॅग्नेओरम'. हवाईतली निसर्गसंपदा वाचवण्यासाठी झटलेल्या वेन आणि बेट्सी गान्ये या पतिपत्नींच्या सन्मानार्थ हे नाव. शेवटचे 'ओरम' हे अनेकवचन आहे, म्हणजे एकट्याचा मान नव्हे, दोघांचा. हवाईत जिवंत भूचर गोगलगायीच्या नव्या जातीला नाव मिळण्याचा हा प्रसंग साठ वर्षांनी आला होता.

साठ वर्षे का लागली? गोगलगायी संपल्या होत्या म्हणून नव्हे. आता उरले तरी काय असणार, असे समजून शोधणारेच कमी झाले होते.

ओळख न पाहता आणलेला पाहुणा

उरले तरी काय असणार, असे वाटावे अशी वेळ का आली, ते आता ऐका. उसाच्या मळ्यांसाठी आणि गुरांच्या चराईसाठी हवाईतली जंगले तुटली. जहाजांतून उंदीर आले. हौशी लोकांनी पोतीच्या पोती शंख नेले. पण सर्वांत मोठा घाव एका 'उपाया'ने घातला.

१९३६ साली आफ्रिकेतली मोठी शंखी गोगलगाय हवाईत आली आणि बागा फस्त करू लागली. ती एका वेळी शंभरावर अंडी घालते. लोक हैराण झाले. तेव्हा १९५५ साली सरकारी शेतीखात्याने तोड काढली, की गोगलगाय खाणारी गोगलगाय आणायची. अमेरिकेच्या फ्लोरिडाकडची 'युग्लँडिना' ही शिकारी गोगलगाय आणून सोडली. ती दुसऱ्या गोगलगायीच्या चिकट रेघेचा माग काढत जाते आणि तिला खाते. तिला लांडगा-गोगलगाय म्हणतात ते उगीच नाही.

पण लांडग्याला कोणी सांगितले, की अमकी शेळी खा आणि तमकी खाऊ नको? आफ्रिकन गोगलगाय मोठी आणि दांडगी. त्यापेक्षा झाडावरची चिमुकली देशी गोगलगाय सोपी. युग्लँडिनाने देशी गोगलगायींचा फडशा पाडला आणि आफ्रिकन गोगलगाय राहिली ती राहिलीच! देशी अचॅटिनेला वर्षाला अगदी मोजकी पिल्ले देते, तीही वयात यायला काही वर्षे लागतात. ती या झपाट्यापुढे कशी टिकणार? १९८१ साली अमेरिकन सरकारला अचॅटिनेलाच्या सगळ्या जाती संकटग्रस्त जाहीर कराव्या लागल्या.

आणि गंमत म्हणावी की दुर्दैव, पुढे डीएनए तपासला तेव्हा २०१७ साली कळले, की युग्लँडिना म्हणून जी एक जात आणली असे समजत होते, त्या प्रत्यक्षात दोन जाती होत्या. मारायला कोणाला निघालो ते ठाऊक होते. मारेकरी कोण आणला, तेच ठाऊक नव्हते!

दक्षिणेकडे ताहिती आणि मोरेआ ही बेटे आहेत, तीही ज्वालामुखीची. तेथे 'पार्टुला' नावाच्या गोगलगायी होत्या. हेन्री क्रॅम्प्टन या अमेरिकन प्राध्यापकाने आयुष्याची कित्येक वर्षे दरीदरीतून त्या गोळा करण्यात आणि मोजण्यात घालवली. १९१६ आणि १९३२ साली त्याचे जाडजूड ग्रंथ निघाले. मोरेआवर १९७७ साली तोच शिकारी पाहुणा सोडला. दहा वर्षांत मोरेआच्या रानातली पार्टुला जवळजवळ संपली. क्रॅम्प्टनचे ग्रंथ तेवढे उरले.

शेवटचा जॉर्ज

१७८९ साली जॉर्ज डिक्सन या इंग्रज कप्तानाने हवाईतल्या एका गोगलगायीचे वर्णन छापले. तिचा शंख त्याला एका माळेत ओवलेला मिळाला होता. शंखाचे टोक पिवळे, म्हणून नावही त्याच अर्थाचे पडले, 'अचॅटिनेला अपेक्सफुल्वा'. पाश्चात्त्य शास्त्रात नोंदली गेलेली हवाईची ही पहिली भूचर गोगलगाय. माळेत ओवण्याइतकी ती विपुल होती.

१९९७ साली तिच्या माहीत असलेल्या शेवटच्या दहा गोगलगायी रानातून उचलून विद्यापीठात आणल्या. तेथे पिल्ले झाली, पण टिकली नाहीत. अखेर एकच उरली. तिचे नाव ठेवले जॉर्ज. १ जानेवारी २०१९ रोजी, सुमारे चौदा वर्षांचा होऊन, जॉर्ज मेला आणि ती जात संपली. जिचे नाव सर्वांत आधी वहीत चढले, तिच्यापुढे शेवटचा दिवसही लिहावा लागला.

पण गोष्ट येथेच संपवली तर अन्याय होईल. पार्टुलाच्या काही जाती संपण्याआधी माणसांनी थोड्या गोगलगायी पेट्यांत भरून लंडन, एडिंबरो अशा ठिकाणच्या प्राणिसंग्रहालयांत नेल्या होत्या. तेथे त्या पिढ्यानुपिढ्या वाढवल्या. प्रत्येक जातीची पेटी वेगळी आणि नोंद वेगळी. ओळख पक्की होती, म्हणून सरमिसळ झाली नाही. २०१५ पासून त्यांना परत त्यांच्या बेटांवर सोडू लागले. सोडताना शंखावर रंगाचा ठिपका देतात. पोळ्याला आपण बैलाची शिंगे रंगवतो, तसेच. पुढे ठिपका नसलेली गोगलगाय दिसली, की समजावे ही रानातच जन्मली. मोरेआवर अशी 'पार्टुला तोहिव्हेआना' सापडली आणि 'रानातून नष्ट' या यादीतून तिचे नाव २०२४ साली निघाले. ती अजून अतिसंकटात आहे, पण आपल्या रानात आहे.

आता आपल्या बांधावर या

वाचकहो, ज्या आफ्रिकन शंखी गोगलगायीपायी हे सारे घडले, ती आपल्याकडेही आहे. १८४७ साली विल्यम बेन्सन नावाच्या गृहस्थाने ती मॉरिशसहून कोलकात्यात आणली असे सांगतात. मॉरिशस हेही ज्वालामुखीचेच बेट. आणि बेन्सन हा स्वतः शंखांचा जाणकार होता! जाणत्यानेही हौसेपोटी चूक केली की तिचे व्याज पुढच्या पिढ्या फेडतात. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात या गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे रात्रीत फस्त केली. कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली.

तिचा बंदोबस्त केलाच पाहिजे. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे शेतात जागोजाग ठेवावीत. सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा कराव्यात आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. उघड्या हाताने धरू नये, मुलांना खेळू देऊ नये, कारण तिच्यापासून रोगाची बाधा होऊ शकते. बांधाच्या कडेने चुन्याचा पट्टा ओढावा. विषारी गोळ्या वापरायच्या तर कृषी अधिकाऱ्याला विचारूनच. एकट्याने करून भागत नाही, शेजारच्या शेतात राहिली तर ती परत येते. शिवार मिळून केले तरच उपयोग.

पण हात उचलण्याआधी नजर टाका. हाताच्या पंजात मावेनाशी होणारी, तपकिरी पट्ट्यांच्या टोकदार शंखाची ती परकी. दगडाखाली, पालापाचोळ्यात, झाडाच्या सालीवर दिसणाऱ्या बारीकसारीक गोगलगायींतल्या बहुतेक देशी आणि निरुपद्रवी असतात. त्या कुजका पाला खाऊन मातीला परत देतात. पाखरे, काजव्यांच्या अळ्या त्यांच्यावर जगतात. आपल्या सिंधुदुर्गातल्या आंबोलीच्या नावाने २०२१ साली एका अर्धवट शंखाच्या गोगलगायीचे बारसे झाले, 'वरदिया आंबोलिएन्सिस'. नुसती जात नव्हे, तिचे गोतही शास्त्राला नवे होते. आंबोलीला दर पावसाळ्यात माणसांची जत्रा लोटते. एवढ्या पायांखालून जी नावावाचून राहिली, तशा आणखी किती असतील?

या पावसाळ्यात एक करा. मुलांना घेऊन परसात जा. दिसेल त्या गोगलगायीचे चित्र वहीत काढायला सांगा. शंखाचे वेढे किती, उजवे की डावे, कोठे दिसली, कोणत्या तारखेला, एवढे खाली लिहायला लावा. गुलिकने यापेक्षा फार निराळे काही केले नव्हते. पुढे एखादा अभ्यासक गावात आला तर ती वही त्याच्या उपयोगी पडेल. आणि नाही आला, तरी पोरगे गोगलगाय दिसताच काडी उचलण्याऐवजी आधी विचारील,

"पोटात पाय ते कळले, पण हिचे नाव काय?"